जनरल अरुणकुमार वैद्य आणि मला पडलेला प्रश्न

(कॅडेट, इयत्ता दहावी)

गेल्या सत्रात आमच्या शाळेत हाउसांची वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, दहशतवाद मोडून काढण्यासाठी लष्करी बळ महत्त्वाचे की गुप्तवार्ता. मी लष्करी बळाच्या बाजूने बोललो. रणगाडे, कमांडो, सर्जिकल स्ट्राइक असे सगळे मुद्दे मांडले, टाळ्या मिळाल्या आणि आमचे हाउस जिंकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पीटीनंतर आमच्या उस्तादांनी मला बाजूला बोलावले. ते आर्मर्ड कोअरमधून रिसालदार म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांनी शाबासकी दिली आणि विचारले, की तू महाराष्ट्राचा आहेस, तर तुला जनरल वैद्य ठाऊक असतीलच? मला फक्त नाव ठाऊक होते. माझा मामा मालाड पूर्वेला राहतो. दिंडोशीजवळच्या मोठ्या रस्त्याला जनरल अरुणकुमार वैद्य मार्ग म्हणतात. त्या पाटीखालून मी कितीतरी वेळा बसने गेलो आहे, पण हे जनरल कोण हे कधी विचारले नव्हते. उस्ताद म्हणाले की आधी त्यांचे आयुष्य वाच आणि मग तुझे भाषण पुन्हा एकदा वाच.

म्हणून मराठी पानासाठी या वर्षी मी त्यांच्यावर लिहायचे ठरवले.

अलिबाग ते ब्रह्मदेश

अरुणकुमार श्रीधर वैद्य यांचा जन्म २७ जानेवारी १९२६ रोजी अलिबागला झाला. अलिबाग म्हटले की आपल्याला कुलाबा किल्ला आणि कान्होजी आंग्रे यांचे आरमार आठवते. वैद्य मात्र समुद्राकडे न जाता रणगाड्यांकडे गेले. १९४५ मध्ये, जेमतेम एकोणीस वर्षांचे असताना, त्यांना सैन्यात कमिशन मिळाले. पलटण होती डेक्कन हॉर्स, म्हणजे जुनी घोडदळाची पलटण. घोडे जाऊन रणगाडे आले तरी नावातला हॉर्स तसाच राहिला. दुसरे महायुद्ध संपत आले होते. ब्रह्मदेशात जपान्यांशी शेवटच्या लढाया चालू होत्या आणि या तरुण अधिकाऱ्याने पहिली लढाई तिथेच पाहिली.

माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा मुलगा रणगाड्याच्या पोलादी पेटीत बसून ब्रह्मदेशात लढत होता. आम्हाला इथे रविवारची आउटिंग रद्द झाली तरी वाईट वाटते.

अस्सल उत्तर

१९६५ च्या युद्धात वैद्य लेफ्टनंट कर्नल होते आणि त्याच डेक्कन हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर झाले होते. पंजाबातील खेमकरण भागात पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन चालून आली. त्यांच्याकडे अमेरिकेने दिलेले पॅटन रणगाडे होते, त्या काळातले नवे आणि ताकदवान. डेक्कन हॉर्सकडे होते शर्मन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले. कागदावर पाहिले तर ही लढाई बरोबरीची नव्हती.

पण आपल्या सैन्याने समोर जाऊन टक्कर दिली नाही. खेमकरणच्या मागे असल उत्तर या गावाभोवती घोड्याच्या नालेसारखी फळी उभारली. उसाच्या शेतात रणगाडे लपवले. कालव्याचे पाणी शेतात सोडले. पॅटन त्या चिखलात रुतले आणि आमच्या तोफचींनी ते जवळ येईपर्यंत गोळा रोखून धरला. ८ ते १० सप्टेंबर या दिवसांत शत्रूचे सुमारे ९७ रणगाडे निकामी झाले किंवा आपल्या हाती लागले. चौथ्या ग्रेनेडियर्सच्या हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने रणगाडे उडवले, त्यात ते शहीद झाले आणि त्यांना परमवीर चक्र मिळाले, हे आपण शाळेत शिकतो. त्याच लढाईतल्या नेतृत्वासाठी लेफ्टनंट कर्नल वैद्य यांना महावीर चक्र मिळाले. पकडलेले पॅटन भिकीविंड गावाजवळ ओळीने उभे केले होते आणि त्या जागेला लोक पॅटन नगर म्हणू लागले.

पहिल्यांदा वाचताना मला ही निव्वळ शौर्याची गोष्ट वाटली. दुसऱ्यांदा वाचताना कळले की शत्रू कोणत्या वाटेने येणार, त्याचा रणगाडा कोणत्या जमिनीवर अडणार आणि आपली तोफ किती अंतरावरून त्याला भेदू शकते, हे सगळे आधी माहीत होते म्हणून जुने शर्मन जिंकले.

बसंतरचा सुरुंगांचा पट्टा

१९७१ मध्ये ते ब्रिगेडियर झाले होते. १६ इंडिपेंडंट आर्मर्ड ब्रिगेड त्यांच्या हाताखाली होती आणि शकरगढच्या भागात जफरवालच्या दिशेने ती पुढे सरकत होती. या भागात पाकिस्तानने सुरुंगांचे रुंद पट्टे पेरले होते. चक्रा, देहलरा अशी ठाणी घेत ब्रिगेड बसंतर नदीपाशी आली. पलीकडे आपले पायदळ पोहोचले होते आणि त्याच्यावर शत्रूचे रणगाडे येत होते. इंजिनिअर सुरुंग काढत होते, पण वाट अजून पुरी मोकळी झाली नव्हती. थांबावे तर पायदळ चिरडले जाणार, जावे तर रणगाडे सुरुंगावर उडणार. ब्रिगेड अर्धवट साफ झालेल्या अरुंद वाटेने पलीकडे गेली.

याच ब्रिगेडमधील पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबरला तिथे लढता लढता शहीद झाले. ते २१ वर्षांचे होते आणि कमिशन मिळून जेमतेम सहा महिने झाले होते. त्यांना परमवीर चक्र मिळाले. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात परम योद्धा स्थळावर त्यांचा अर्धपुतळा आहे. आम्हाला शाळेतून तिथे नेले होते, तेव्हा मी त्यासमोर उभा राहिलो होतो. त्यांच्या ब्रिगेडचे कमांडर अलिबागचे होते, हे मात्र तेव्हा माहीत नव्हते.

बसंतरच्या लढाईनंतर ब्रिगेडियर वैद्य यांना दुसऱ्यांदा महावीर चक्र मिळाले. लष्करी भाषेत याला बार म्हणतात. दोनदा महावीर चक्र मिळवणारे अधिकारी आपल्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

साउथ ब्लॉकमध्ये

पुढे ते मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल आणि पूर्व विभागाचे आर्मी कमांडर झाले. ३१ जुलै १९८३ रोजी ते लष्करप्रमुख झाले. त्या वेळी उपप्रमुख असलेले लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा ज्येष्ठ होते. त्यांना डावलले गेले म्हणून त्यांनी राजीनामा दिला आणि वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली. म्हणजे दिल्लीतील कारकिर्दीची सुरुवातच शांत नव्हती.

आपण सुट्टीच्या दिवशी इंडिया गेटवर जातो तेव्हा कर्तव्य पथाच्या दुसऱ्या टोकाला राष्ट्रपती भवनाच्या अलीकडे दोन मोठ्या लाल इमारती दिसतात. त्यांतल्या साउथ ब्लॉकमध्ये लष्करप्रमुखांचे कार्यालय होते. तिथे बसून १९८४ च्या पहिल्या सहा महिन्यांत जनरल वैद्य यांच्यासमोर दोन मोठ्या मोहिमा आल्या. त्या एकमेकींपासून इतक्या वेगळ्या आहेत की मला पुन्हा पुन्हा त्यांची तुलना करावीशी वाटते.

पहिली मोहीम : एप्रिल १९८४

सियाचीन हिमनदीच्या भागात नकाशावरची रेषा एका बिंदूपाशी संपत होती. त्यापुढे काय, हे करारात स्पष्ट लिहिलेले नव्हते. कर्नल नरेंद्र कुमार यांनी १९७८ पासून तिथे गिर्यारोहण मोहिमा नेल्या, वाटा पाहिल्या, फोटो काढले. परदेशी गिर्यारोहक पाकिस्तानकडून परवाने घेऊन तिथे येतात हेही लक्षात आले. मग गुप्तवार्ता मिळाली की पाकिस्तानही तिथे माणसे पाठवण्याच्या तयारीत आहे. अति उंचीवर घालायचे खास कपडे लंडनच्या ज्या पुरवठादाराकडे आपण मागवत होतो, त्याच्याकडेच पाकिस्ताननेही मागणी नोंदवली होती आणि त्यावरून अंदाज पक्का झाला, असे मोहिमेशी संबंधित अधिकाऱ्यांनी नंतर सांगितले आहे.

कपड्यांची ऑर्डर ही किती साधी गोष्ट! पण योग्य माणसाच्या कानावर ती वेळेत गेली. १३ एप्रिल १९८४ रोजी, बैसाखीच्या दिवशी, आपल्या हेलिकॉप्टरांनी कॅप्टन संजय कुलकर्णी यांची चौथ्या कुमाऊँ पलटणीची तुकडी बिलाफोंड ला या खिंडीत उतरवली. पाकिस्तानी सैनिक तिथे आले तेव्हा तिरंगा आधीच लागला होता. हेच ऑपरेशन मेघदूत. त्यानंतर सियाचीनमध्ये थंडीने आणि हिमकडे कोसळून आपले अनेक जवान गेले. पण खिंडी ताब्यात आल्या त्या बातमी वेळेवर मिळाली म्हणून.

दुसरी मोहीम : जून १९८४

आता जो भाग लिहायचा आहे तो सोपा नाही.

आमच्या डॉर्मिटरीत माझ्या शेजारच्या पलंगावर झोपणारा माझा मित्र शीख आहे. त्याचे गाव तरनतारन जिल्ह्यात आहे. मी कोणावर लिहितो आहे हे त्याला सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. त्याच्या आजीने १९८४ चा जून पाहिला आहे. सगळ्या पंजाबात संचारबंदी होती, टेलिफोन बंद, रेल्वे बंद, आणि लांबून नुसते आवाज. आजी त्याविषयी अजूनही बोलत नाही. मी त्याला विचारले की न लिहू का? तो म्हणाला की लिही, पण जे दर्शनाला आले होते त्यांच्याबद्दलही लिही.

पंजाबात १९८० नंतर खून आणि बॉम्बस्फोट वाढत गेले होते. जर्नेलसिंग भिंद्रनवाले आणि त्यांचे सशस्त्र साथीदार अमृतसरच्या सुवर्णमंदिराच्या आवारात राहू लागले. एप्रिल १९८३ मध्ये पोलीस उपमहानिरीक्षक अवतारसिंग अटवाल दर्शन घेऊन बाहेर पडत असताना त्यांना दारातच गोळ्या घालण्यात आल्या. ते स्वतः शीख होते. तरीही पोलीस आत गेले नाहीत. त्यानंतर वर्षभर धान्याच्या आणि कारसेवेच्या सामानाच्या ट्रकमधून शस्त्रे आत जात राहिली. माजी मेजर जनरल शबेगसिंग आतली मोर्चेबंदी करत होते. हे तेच अधिकारी, ज्यांनी १९७१ मध्ये मुक्तिवाहिनीला प्रशिक्षण दिले होते.

शेवटी सरकारने सैन्याला आदेश दिला. लष्करप्रमुख जनरल वैद्य होते. पश्चिम विभागाचे लेफ्टनंट जनरल सुंदरजी आणि नवव्या डिव्हिजनचे मेजर जनरल ब्रार यांच्याकडे प्रत्यक्ष कारवाई होती. तयारीला अगदी थोडे दिवस मिळाले. ३ जून हा गुरू अर्जनदेवांचा शहीदी दिवस होता, त्यामुळे आवारात बायका-मुलांसह हजारो यात्रेकरू आले होते आणि संचारबंदी लागल्यावर बरेच जण आतच अडकले.

५ जूनच्या रात्री जवान आत शिरले. आत माणसे किती, मशिनगन कुठे, कोणती शस्त्रे आहेत, याची पुरी माहिती त्यांना नव्हती. मशिनगन जमिनीलगत, गुडघ्याच्या उंचीवर बसवल्या होत्या. पायऱ्या उतरून संगमरवरी परिक्रमेवर आलेले जवान पायांत गोळ्या लागून पडत होते. हरमंदिर साहिबवर गोळी झाडायची नाही असा सक्त हुकूम होता. एक चिलखती गाडी आत नेली तर ती रॉकेटने निकामी झाली. असले रॉकेट आत असेल अशी कल्पनाच नव्हती. पहाट होत आली तेव्हा रणगाडे आणले गेले आणि अकाल तख्तावर गोळे पडले.

असल उत्तरला शत्रूला अडवणाऱ्या रणगाड्यांविषयी वाचून माझी छाती फुगली होती. इथे रणगाडा हा शब्द आला तेव्हा मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले.

सरकारच्या श्वेतपत्रिकेप्रमाणे ८३ अधिकारी व जवान ठार झाले आणि २४९ जखमी झाले. आत मेलेल्यांचा सरकारी आकडा ४९३ आहे. पंजाबातले अनेक लोक खरा आकडा त्याहून पुष्कळ मोठा मानतात. त्यांत हाती शस्त्र नसलेले, फक्त मत्था टेकायला आलेले लोक होते. अकाल तख्ताची मोठी पडझड झाली आणि शीख ग्रंथालय जळाले.

मोहीम संपली, पण परिणाम संपले नाहीत. काही ठिकाणी शीख जवानांनी बराकी सोडल्या. रामगढच्या शीख रेजिमेंटल सेंटरचे कमांडंट ब्रिगेडियर पुरी यांना आपल्याच माणसांच्या गोळ्या लागल्या. आयुष्यभर ज्या सैन्यात ते लढले, त्याच्याच एका भागाचे मन दुखावलेले लष्करप्रमुखांना पाहावे लागले. ३१ ऑक्टोबरला पंतप्रधान इंदिरा गांधी यांची त्यांच्याच अंगरक्षकांनी हत्या केली. त्यानंतर दिल्लीत निरपराध शिखांवर हल्ले झाले. सरकारी आकड्याप्रमाणे एकट्या दिल्लीत २७३३ माणसे मारली गेली. त्रिलोकपुरी, मंगोलपुरी ही नावे आपल्याला आज मेट्रोच्या किंवा बसच्या पाटीवर दिसतात. तिथे तेव्हा हे घडले.

पुण्याचा रविवार

३१ जानेवारी १९८६ रोजी जनरल वैद्य निवृत्त झाले आणि पुण्याला राहायला गेले. त्यांच्या नावाने धमक्या येत होत्या, तरी ते साधेपणाने राहत. १० ऑगस्ट १९८६, रविवार. ते पत्नी भानुमतीबाईंसह कॅम्पातून बाजार करून घरी परतत होते. गाडी होती मारुती आणि ती ते स्वतः चालवत होते. सोबत एकच सुरक्षारक्षक होता. वळणावर गाडीचा वेग कमी झाला, तेव्हा मोटरसायकलवरून आलेल्यांनी जवळून गोळ्या झाडल्या. जनरल वैद्य गेले. भानुमतीबाई जखमी झाल्या.

मारेकरी पुण्यात भाड्याने फ्लॅट घेऊन राहिले होते. त्यांनी घर, रस्ता, गाडी, येण्याजाण्याच्या वेळा, सगळे पाहून ठेवले होते. जनरलांची बित्तंबातमी मारेकऱ्यांकडे होती आणि मारेकऱ्यांची बातमी कोणाकडेच नव्हती. मला हे वाचून फार चुटपूट लागली. बसंतरचे सुरुंग आणि पॅटनचे गोळे ज्यांना काही करू शकले नाहीत, ते बाजाराच्या पिशव्या घेऊन घरी जाताना मारले गेले.

महिनाभराने, सप्टेंबरमध्ये, पिंपरीजवळ एका मोटरसायकलचा अपघात झाला आणि सुखदेवसिंग सुखा सापडला. दुसरा मारेकरी हरजिंदरसिंग जिंदा पुढच्या वर्षी पकडला गेला. तपास झाला, साक्षीदार आले, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ९ ऑक्टोबर १९९२ रोजी दोघांना येरवड्याच्या कारागृहात फाशी झाली.

त्यांच्या नंतर

जनरल वैद्य यांचे चरित्र इथे संपते. पण उस्तादांनी मला पुढचे चार वर्षांचे पानही वाचायला सांगितले होते.

दिल्लीहून जयपूरच्या रस्त्याला लागले की गुरुग्रामनंतर मानेसर येते. तिथे राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल म्हणजे एनएसजी आहे. हे दल १९८४ नंतर उभे राहिले. सैन्यातले आणि निमलष्करी दलांतले निवडक जवान त्यात येतात. अमृतसरसारख्या कामासाठी सगळी फौज न नेता वेगळी, त्याच कामाची माणसे हवीत, हा धडा त्यामागे होता.

मे १९८८ मध्ये सुवर्णमंदिरात पुन्हा सशस्त्र लोक शिरले. केंद्रीय राखीव पोलीस दलाचे अधिकारी सरबदीपसिंग विर्क यांना आवाराजवळ गोळी लागली. ते महाराष्ट्र केडरचे होते आणि पुढे आपल्या राज्याचे पोलीस महासंचालक झाले. या वेळी सैन्याचा हल्ला झाला नाही. आवाराला वेढा घातला. मे महिन्याच्या उन्हात पाणी आणि वीज तोडली. उंच जागांवर एनएसजीचे नेमबाज बसवले. आतली माहिती बाहेर येत होती, त्यामुळे कोण कोणत्या खोलीत आहे हे बरेचसे ठाऊक होते. पत्रकारांना सगळे पाहू दिले, त्यामुळे अफवा पसरल्या नाहीत. घाई कोणी केली नाही. साधारण आठवडाभरात दोनशेच्या आसपास लोक हात वर करून बाहेर आले. अकाल तख्ताला धक्का लागला नाही. याला ऑपरेशन ब्लॅक थंडर म्हणतात.

जागा तीच होती आणि चारच वर्षे मध्ये गेली होती. १९८४ चे जवान १९८८ च्या जवानांपेक्षा कमी शूर नव्हते, उलट पायांत गोळ्या लागत असताना ते पुढे जात राहिले. फरक होता तो माहितीचा, वेळेचा आणि धीराचा.

मग मला मुंबईचा २६ नोव्हेंबर २००८ आठवला. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, पण आमच्या घरी त्या रात्रीची गोष्ट नेहमी निघते. समुद्रातून हल्ला होऊ शकतो अशा सूचना आधी आल्या होत्या, पण त्या एकत्र जोडून कोणी पाहिल्या नाहीत. एनएसजीचे जवान मानेसरहून निघून, दिल्लीहून विमानाने मुंबईला पोहोचेपर्यंत सकाळ झाली होती. त्यांनी पुढे मोठे शौर्य दाखवले. पण त्या रात्रीची सर्वांत मोलाची कामगिरी गिरगाव चौपाटीवर झाली, असे मला वाटते. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलत कसाबची बंदूक सोडली नाही. दहांपैकी नऊ हल्लेखोर मारले गेले. जिवंत सापडलेल्या त्या एकाकडून हल्ला कुठून आला, कोणी शिकवले, कसे आले, हे जगाला कळले. ओंबळे यांच्या हातात लाठी होती. त्यांनी जे केले ते बळ होते की गुप्तवार्ता? माझ्या भाषणात असे दोन कप्पे होते. ओंबळे दोन्हीत बसतात.

आपल्याला तर हे नवे नाही. शिवाजी महाराजांची गोष्ट सांगताना आजी बहिर्जी नाईकांचे नाव घ्यायला कधी विसरत नाही. लाल महाल असो की सुरत, आधी हेर जायचा आणि मग घोडा. मी भाषणात महाराजांच्या तलवारीचे उदाहरण दिले होते. बहिर्जींचे नाव घ्यायचे मात्र राहून गेले.

माझे भाषण, पुन्हा एकदा

उस्तादांच्या सांगण्याप्रमाणे मी माझे जुने भाषण पुन्हा वाचले. त्यात खोटे काही नव्हते. लष्करी बळ लागतेच. सियाचीनच्या खिंडीत बातमी मिळाली तरी बर्फात उतरून उभे राहायला कुमाऊँचे जवानच लागले. पण शत्रू गणवेशात समोर उभा असतो तेव्हाची गोष्ट वेगळी आणि तो यात्रेकरूंच्या गर्दीत बसलेला असतो तेव्हाची वेगळी. पहिल्या ठिकाणी रणगाडा उपयोगी पडतो. दुसऱ्या ठिकाणी माहिती नसताना रणगाडा नेला तर जिंकूनही नुकसान होते, आणि ते नुकसान माझ्या मित्राच्या आजीसारखे कोणीतरी चाळीस वर्षे सोसते.

जनरल वैद्य यांना मी दोष देऊ शकत नाही. पंधरा वर्षांच्या कॅडेटला तो अधिकारही नाही. सरकारचा आदेश होता, वेळ थोडा होता, माहिती अपुरी होती आणि जबाबदारी त्यांच्या शिरावर होती. ती त्यांनी घेतली आणि शेवटी प्राण देऊन तिची किंमत मोजली. पण आमच्यापैकी जे पुढे अधिकारी होतील त्यांनी त्यांच्या आयुष्यातून दोन्ही गोष्टी शिकायला हव्यात असे मला वाटते. बसंतरच्या काठावर वाट पुरी मोकळी नसताना पुढे जायची हिंमत हवी. आणि आत काय आहे हे ठाऊक नसेल तर आधी ते विचारायची हिंमतही हवी, समोर कितीही मोठा माणूस असला तरी.

हा लेख देण्याआधी मी माझ्या मित्राला वाचून दाखवला. त्याला मराठी येत नाही, म्हणून हिंदीत सांगत गेलो. यात्रेकरूंचा भाग झाल्यावर त्याने मान हलवली. मग त्याने जनरल वैद्य यांचा फोटो मागितला. बराच वेळ तो छातीवरची पदके पाहत होता. त्याने महावीर चक्र आणि त्यावरचा बार ओळखला आणि मला कोणती फीत कशाची ते नीट समजावून सांगितले.

दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे जाईन तेव्हा दिंडोशीच्या त्या पाटीखाली मी एकदा उतरणार आहे.

जय हिंद!